सालबाईचा तह प्रोजेक्टला घेताय? मग हे वाचा

एमएला मी सालबाईच्या तहावर प्रोजेक्ट केला होता, दरवर्षी ज्युनियर्स विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

गाइडमध्ये दोन ओळी असतात, 17 मे 1782, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं, साष्टी (मुंबईशेजारचं बेट) इंग्रजांकडे राहिली, बस्स. पण त्या दिवशी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंदे आणि इंग्रजांचा वकील अँडरसन यांच्यात तह ठरला, गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जने जूनमध्ये तो मंजूरही केला, आणि पुण्यात नाना फडणवीस मात्र थांबून राहिले ते म्हैसूरचा हैदरअली मरेपर्यंत. मंजूर कागद अदलाबदल व्हायला फेब्रुवारी 1783 उजाडला! हे मधले महिने नीट अभ्यासा, माझ्या मते तहाचा सगळा जीव त्यातच आहे. कारण कलम असं होतं की हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडायचा आणि हे पेशव्यांनी त्याच्याकडून करवून घ्यायचं, आता हैदर तर नानांचाच दोस्त, त्याच्याशी मिळून इंग्रजांविरुद्ध आघाडी केलेली, मग नाना शिक्का कसा मारणार? डिसेंबर 1782 मध्ये हैदर गेला आणि नानांच्या हातातला हुकमाचा एक्काच गेला.

दुसरं म्हणजे हा तह एकटा वाचू नका. 1775 चा सुरतचा, 1776 चा पुरंदरचा (मिर्झाराजांचा 1665 चा नाही हं, खूप जण गोंधळतात), 1779 चा वडगावचा, हे तिन्ही शेजारी ठेवा आणि प्रत्येकात दोनच गोष्टी शोधा, साष्टी कोणाला आणि राघोबादादांचं (इंग्रजांच्या मदतीने पेशवेपद मिळवू पाहणारे रघुनाथराव) काय. सुरतेला दादा साष्टी-वसई देऊन टाकतात, वडगावला इंग्रज सगळं परत करायचं कबूल करतात आणि नंतर फिरतात, सालबाईला वसई परत मिळते, साष्टी जाते, दादांना महिना 25,000 रुपये आणि इंग्रजांचा आधार बंद. साष्टी म्हणजे आजची वांद्रे ते दहिसर उपनगरं आणि ठाणं, मुंबई बेटाला अगदी लागून, म्हणून इंग्रज तिच्यासाठी एवढे हटून बसले, नकाशा काढलात की लगेच कळतं.

महादजी दोन्ही बाजूंचे जामीन झाले, त्यांनी फक्त स्वतःचं साधलं असं काही जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं.

कलमं एचिसनच्या तहांच्या इंग्रजी संग्रहात मिळतील. पण मोडी लगेच शिकायला घ्या, पेशवे दफ्तर (पेशव्यांचे मूळ कागद) पुण्यातच आहे आणि नुसत्या इंग्रजी कागदांवर राहिलात तर पुण्याची बाजू हातात येतच नाही.