कोलोबस माकडं बघायला जाताय? या चुका टाळा

टांझानियातल्या झांझिबार बेटावरच्या जोझानी जंगलात शिरलं की आपल्या मंडळींचा हात पिशवीतल्या केळ्याकडे जातो. घाटातल्या माकडांनी लावलेली सवय, दुसरं काय! पण कोलोबसला केळं चालत नाही, तो पाल्यावर जगतो. त्याच्या पोटाला कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतू पाला आंबवतात. थोडंफार गाईसारखंच, फक्त हा रवंथ करत नाही. फळं खातो, पण बहुतेक कच्ची. पिकलं, गोड फळ पोटात गेलं की आंबणं भलतंच जोर धरतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं. केळं गालात कोंबून ठेवायलाही त्याला गालपिशव्या नाहीत.

कोलोबस कोळसा खाताना दिसला, तर भुकेने खातोय म्हणून हळहळू नका. गावालगतचे हे तांबडे कोलोबस आंब्याची आणि बदामाची पानं खातात. बदाम म्हणजे आपल्याकडे अंगणात असतो तो, रुंद पानांचा; सुक्यामेव्यातला नव्हे. या पानांत प्रथिनं भरपूर, पण पचनाला बाधणारी फिनॉल नावाची रसायनंही असतात. कोळसा ती शोषून घेतो. म्हणून हे महाशय कोळशाच्या भट्टीवर येतात, अर्धवट जळकं ढलपं उचलतात आणि झाडावर बसून कुरतडतात.

तेव्हा हात नीट बघा. अंगठ्याच्या जागी नुसता खुंट दिसेल. ‘कोलोबस’ हे नाव ‘छाटलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. आपलं वानर, म्हणजे काळतोंड्या लंगूर, याच्याच भाऊबंदांतलं. त्याला अंगठा आहे, आखूड का होईना. फोटोखाली नुसतं ‘माकड’ लिहिलंत तर हे नातं हरवतं.

टांझानियातल्याच अरुशा शहराकडचा काळा-पांढरा ग्वेरेझा कोलोबस वेगळा. त्याचं पिल्लू जन्मतः पांढरंशुभ्र असतं, तीन-चार महिन्यांत रंग बदलतं. दुर्मिळ अल्बिनो सापडला म्हणून ग्रुपवर टाकलंत तर हसं होईल. दुपारी फांदीवर पाय सोडून पडलेला दिसला तर तो आजारीही नसतो. पाला पचायला वेळ लागतो. नरांचं घुमणं ऐकायचं असेल तर उजाडायच्या आधी उठा.

केनियातल्या डियानीला गाडी घेऊन जाणार असाल, तर रस्त्यावर आडव्या टांगलेल्या दोरीच्या शिड्या दिसतील. त्या तिथल्या कोलोबससारख्या माकडांसाठीच आहेत, तरी काही जण खालूनच पळतात. एक ओलांडून गेला म्हणून लगेच वेग घेऊ नका, मागे टोळी असते.