३.३ आणि ५ व्होल्टची जोडणी करताना या चुका टाळा

गणपतीच्या तोंडावर तपकीर गल्लीतून ईएसपी३२ बोर्ड (३.३ व्होल्टवर चालणारा छोटा कंट्रोलर) आणि डब्ल्यूएस२८१२बीची (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी) एलईडी पट्टी आणून मंडळाची सजावट करणारी मुलं पुण्यात पुष्कळ. त्यांच्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, घरी मोबाइलच्या चार्जरवर पट्टी मस्त चालत होती. मंडपात चांगला एसएमपीएस (५ व्होल्टचा पॉवर सप्लाय) लावला, तर वाट्टेल तशी लुकलुकतेय. एसएमपीएस गंडलाय का?"

आधी एसएमपीएस आणि बोर्ड यांचं ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) एकमेकांना जोडलंय ना, ते बघा. जोडलं असेल तर एसएमपीएसला दोष देऊ नका. कुठल्या व्होल्टेजला 'हाय', म्हणजे डिजिटल १, मानायचं, हे पट्टी स्वतःच्या सप्लायवरून ठरवते. डेटाशीटप्रमाणे सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ५ व्होल्टला ३.५. ईएसपी३२ची पिन मात्र ३.३ च्या वर जात नाही. घरचा चार्जर लोडखाली ४.६ पर्यंत बसला असेल, तर हीच मर्यादा ३.२२ होते आणि सिग्नल कसाबसा लागू पडतो. सप्लाय सुधारला की मूळची चूक उघडी पडते! म्हणून टेबलावर पाच मिनिटं चाललं, यावर विसंबू नका.

बोर्ड आणि पट्टीच्या मध्ये ७४एचसीटी१२५ हा सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारा आयसी बसवा आणि त्याला ५ व्होल्ट द्या. तो २ व्होल्टलाच हाय मानतो आणि पुढे जवळजवळ पूर्ण ५ देतो. दुकानात 'एचसीटी' स्पष्ट सांगून मागा. नुसता 'एचसी' मिळाला तर ३.५ चा घोळ पुन्हा आहेच. वापरात असलेल्या गेटची (आयसीतल्या सिग्नलच्या वाटेची) इनेबल पिन, म्हणजे ती वाट चालू करणारी पिन, ग्राउंडला जोडायची राहिली, तर सिग्नल बाहेर येईलच याचा भरवसा नाही.

उलट्या दिशेची चूक महागात पडते. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते. ईएसपी३२ची पिन ३.६ च्या वर नेऊ नये. १ किलोओहमचा रेझिस्टर एकोकडून, २ किलोओहमचा ग्राउंडकडे लावा आणि दोघांच्या मधून ३.३३ व्होल्ट घ्या. आय-टू-सीला (दोन तारांवरून चिपांमध्ये होणारा संवाद) हा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी जोडी, चालत नाही, कारण तिथे सिग्नल दोन्ही बाजूंनी येतो-जातो. त्यासाठी बीएसएस१३८ ट्रान्झिस्टरचा लेव्हल शिफ्टर (दोन्ही दिशांना व्होल्टेज जुळवणारा) घ्या. एलसीडीच्या मागच्या आय-टू-सी मॉड्यूलवर बहुधा ५ व्होल्टचे पुल-अप (तारेला ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) असतात, तेही तपासा.

शेवटची चूक सहज नजरेत येत नाही: बोर्ड बंद, पण सेन्सर चालू. मग सिग्नलच्या तारेतून, पिनच्या आतल्या डायोडवाटे करंट चिपमध्ये शिरतो आणि चिप अर्धवट जागी राहते. बोर्डाचा सप्लाय काढा, सेन्सरचा ठेवा आणि ३.३ च्या पिनवर मल्टीमीटर लावा. एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोन्ही सप्लाय एकाच स्विचवर घ्या.