संस्थेला जॉबवर्क द्यायचं असेल तर

भोसरी एमआयडीसीत माझा पडद्याचे ब्रॅकेट बनवायचा कारखाना आहे. तीन प्रेस, बारा माणसं. ब्रॅकेटच्या प्रत्येक जोडीबरोबर एक पाकीट जातं, त्यात चार स्क्रू आणि चार गिट्ट्या (भिंतीच्या भोकात बसवतात ते स्क्रू पकडणारे तुकडे). ही पाकिटं पूर्वी सगळी आसपासच्या बायका घरी नेऊन भरायच्या. गेली सहा वर्षं त्यातला मोठा हिस्सा बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी कार्यशाळा चालवणारी एक संस्था जॉबवर्क म्हणून, म्हणजे माल आपला आणि मजुरी त्यांची असं, भरून देते. ओळखीतले दोघे-तिघे कारखानदार विचारत असतात, आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे.

पहिलं म्हणजे सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना नफ्यातून समाजकार्यावर करावा लागणारा खर्च, डोक्यातून काढा. ५०० कोटींची नेटवर्थ, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असलेल्या कंपनीला तो २ टक्क्यांचा नियम लागतो. आपण कुठे त्यात! शिवाय रोजच्या धंद्यातलं काम सीएसआर म्हणून दाखवता येतच नाही. देणगी दिलीत तर आयकरात बहुतेक वेळा निम्म्या रकमेची वजावट मिळते, नवी कररचना घेतली असेल तर तीही नाही. जॉबवर्कचं बिल मात्र अख्खं खर्चात जातं. हे ऐकून माझा सीए माझ्याआधी तयार झाला.

आता काम निवडा. आपल्या शेडमध्ये एक दिवस नुसतं फिरा आणि हाताने होणारं, धार नसलेलं, चार दिवस उशीर झाला तरी गाडी अडणार नाही असं काम शोधा. पाकिटं भरणं, लेबलं लावणं, वॉशर ओवणं, खोके घडवणं. मग संस्थेत जा. कॅमेरा नको, शाल-नारळ नको. अर्धा दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसा.

मी तसा बसलो म्हणून एक गोष्ट दिसली. तिशीतला एकजण (तिथे पन्नाशीच्या माणसालाही 'मुलं'च म्हणतात, मला ते खटकतं) तीनच्या पुढे मोजत नव्हता. तिथल्या ताई म्हणाल्या, याला हे जमायचं नाही. मी परत येऊन आमच्या सुताराकडून फळी करून घेतली. वर चार लांबट खाचा, त्यात स्क्रू. खाली चार गोल भोकं, त्यात गिट्ट्या. सगळं भरलं की फळी नरसाळ्यावर पालथी करायची, माल थेट पाकिटात. मोजायचं कामच उरलं नाही. तो गृहस्थ आता रिकामी खाच दिसली की शेजारच्याचा हात धरतो. एकदा मी घाईत फळी उचलायला गेलो, तर म्हणाला, "काका, थांब. एक नाही." खरंच एक गिट्टी नव्हती.

तीच फळी मग मी घरी काम नेणाऱ्या बायकांनाही दिली. आधी दर महिन्याला कुठला ना कुठला हार्डवेअरवाला फोन करायचा, पाकिटात स्क्रू कमी. ते फोन जवळजवळ बंद झाले. या सगळ्यातला माझा रोकडा फायदा विचाराल तर हाच. जोडीला अर्ध्या ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा द्या, सीलिंगच्या आधी प्रत्येक पाकीट त्यावर ठेवायचं.

रेट ठरवताना दया दाखवू नका आणि घासाघीसही करू नका. बायकांना पाकिटामागे ४० पैसे देतो, संस्थेलाही तेच. आठवड्याला ६,००० पाकिटं, म्हणजे चार आठवड्यांचे साडेनऊ हजारांच्या आसपास. चौदा जणांत वाटले तर माणशी सातशेही होत नाहीत. फार नाही, मलाही कळतं. पण ते ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतात की नाही, हे संस्थेला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

कागदपत्रं सोपी आहेत. माल जाताना डिलिव्हरी चलन, त्यावर जीएसटी नाही, फक्त वर्षाच्या आत परत यायला हवा. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापायचा. आणि पेमेंट पंधरा दिवसांत. आपले मोठे गिऱ्हाईक आपल्याला नव्वद दिवस लटकवतात, त्याचा राग संस्थेवर काढू नका.

आता जे मी चुकलो ते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर वाढली. मी ताईंना फोन केला, आठवड्यात १५,००० होतील का? त्या क्षणभर गप्प बसल्या आणि हो म्हणाल्या. माल वेळेत आला, एकही रिजेक्शन नाही. मी खूश. चलनावर सही घ्यायला गेलो तर तिथल्या दोन शिक्षिकांच्या बोटांना चिकटपट्ट्या आणि डोळे तांबारलेले. चार रात्री त्याच बसल्या होत्या पाकिटं भरत. मी विचारलं, नाही का म्हणाला नाहीत? ताई म्हणाल्या, "तुम्ही काम काढून घेतलं असतं तर?"

देणगीदारापुढे मान हलवायची सवय लागलेली संस्था आपल्याला कधीच नकार देत नाही. आणि नकार न देणाऱ्या व्हेंडरच्या भरवशावर डिस्पॅचची तारीख देऊ नये, हे काय तुम्हाला सांगायला हवं? म्हणून दोन पानी करार करा आणि त्यात वरची मर्यादा लिहा. आमच्यात आठवड्याला ६,००० च्या वर एकही पाकीट पाठवायचं नाही. संस्थेने आठ दिवस आधी सांगून काम थांबवलं तर रेट किंवा पुढचं काम बदलणार नाही, असंही एक कलम आहे. खराब माल मी परत पाठवणार, हेही आहे. ते वाचून ताई हसल्या होत्या. कोणी परत पाठवतच नाही हो, म्हणाल्या, गपचूप फेकून देतात.

घरी काम नेणाऱ्या बायका मात्र सोडू नका. सगळं काम एकीकडे दिलंत की संस्थेचीही पंचाईत आणि आपलीही.

गेल्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, ताईंचा मेसेज आला: पुढचे दोन आठवडे गॅदरिंगची तालीम आहे, माल पाठवू नका. मी टेम्पोवाल्याला फोन करून पोती बायकांच्या वस्तीकडे वळवली.