रॉकप्रधान चित्रपट-अल्बमवर नेमका अभिप्राय कसा लिहावा

गिटारचा जोर असलेला चित्रपट-अल्बम प्रसिद्ध झाला की श्रोत्यांच्या अभिप्रायांत काही ठरावीक वाक्ये हमखास भेटतात: ‘नुसता गोंगाट आहे’, ‘सगळी गाणी एकसारखीच वाटतात’, ‘शब्दच कळत नाहीत’, ‘हे खरे रॉक नाही’ आणि ‘चित्रपट पाहा, मग आवडेल’. यांपैकी एकही वाक्य खोटे नसते, मात्र प्रत्येक अपुरे असते. ऐकणाऱ्याला काय वाटले ते त्यातून समजते, पण कशामुळे वाटले ते समजत नाही. अल्बम घ्यावा की नाही, हे ठरवणाऱ्या दुसऱ्या श्रोत्याला नेमकी त्या कारणाची गरज असते. आपल्या पहिल्या प्रतिक्रियेपासून तिच्या कारणापर्यंत कसे पोचावे, याची ही एक पद्धत आहे.

प्रथम हातात आलेला अल्बम कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. चित्रपटासाठी मुद्दाम रचलेल्या गाण्यांचा अल्बम वेगळा, वेगवेगळ्या बँडची आधीच प्रसिद्ध झालेली गाणी एकत्र केलेला संग्रह वेगळा आणि शब्दांविना पार्श्वसंगीताचा अल्बम वेगळा. संग्रहाला ‘संगीतात एकसूत्रीपणा नाही’ असा दोष देणे फारसे न्याय्य नाही. तेथे निवड आणि क्रम यांचीच पारख करायची असते. शिवाय चित्रपटात ऐकलेले ध्वनिमुद्रण अल्बमवर असेलच, असे गृहीत धरू नये. १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटात ‘द बँड’ या गटाचे एक गाणे वाजते, परंतु त्याच्या मूळ अल्बमवर हक्कांच्या अडचणीमुळे तेच गाणे दुसऱ्या गटाने गायलेल्या रूपात द्यावे लागले. असा बदल लक्षात न घेता ‘गाणे चित्रपटातल्यासारखे वाटत नाही’ अशी तक्रार करणारा श्रोता अनुभव बरोबर सांगतो, फक्त त्याचा निष्कर्ष चुकतो. म्हणून श्रेयनामावली आधी वाचावी.

त्यानंतर ऐकण्याची व्यवस्था. बेस गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि साध्या गिटारची जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला हे खालचे स्वर पेलत नाहीत. कान वरच्या स्वरांवरून खर्जाचा अंदाज बांधतो खरा, पण त्याचे वजन हरवलेलेच असते. एका अल्बमच्या बेसला ‘पोकळ’ म्हणून मी एकदा मोकळा झालो होतो आणि आठवड्याने हेडफोन लावल्यावर तो अभिप्राय गुपचूप मागे घ्यावा लागला होता. तेव्हापासून किमान एकदा बऱ्या हेडफोनवर आणि एकदा खोलीतल्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय लिहायचे नाही, असा नियम मी पाळतो. दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे तर अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठ्याने वाजणारे संगीत कानाला आपोआप अधिक चांगले वाटते. गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवांमध्ये सर्व गाण्यांची पातळी समान करण्याची सोय असते. तुलनेपुरती ती सुरू ठेवावी.

आता त्या ठरावीक वाक्यांकडे वळू, कारण खरे काम तेथेच आहे.

‘गोंगाट’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे डिस्टॉर्शन, अर्थात गिटारचा आवाज जाणीवपूर्वक फाटका आणि खरखरीत करणे. तो या संगीताचा स्वभाव आहे, आणि न आवडल्यास ‘मला ही खरखर रुचत नाही’ असे सरळ लिहावे. दुसरी गोष्ट म्हणजे मास्टरिंगच्या, अर्थात ध्वनिमुद्रणाला अखेरचे रूप देण्याच्या वेळी कॉम्प्रेशन वापरून हळू आणि मोठ्या जागांतले अंतर पुसून टाकणे. अधिक मोठा आवाज अधिक लक्ष वेधतो या समजुतीने १९९० च्या दशकापासून सीडी उत्तरोत्तर अधिक मोठ्या आवाजात काढल्या जाऊ लागल्या आणि रॉक अल्बमना त्याची झळ विशेष बसली. दोहोंतील फरक तपासण्याचा उपाय सोपा आहे. आवाज बराच कमी करून गाणे ऐकावे आणि अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना संगीत खरोखर उसळते का, स्नेअर ड्रमचा फटका टोकदार लागतो की बोथट, याकडे लक्ष द्यावे. कमी आवाजातही सारे एकाच उंचीवर दाटलेले वाटले आणि दोन-तीन गाण्यांत कान थकले, तर दोष ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या टप्प्यातील आहे; संगीतकाराच्या माथी तो मारू नये.

‘सगळी गाणी एकसारखी’ ही तक्रार मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगी वाटते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. रॉकमध्ये सतत येणारी पॉवर कॉर्ड आपल्या परिभाषेत सांगायची तर केवळ षड्ज आणि पंचम यांची असते. तिच्यात गांधार नसतो, त्यामुळे ती स्वतः ना मेजर, म्हणजे उजळ भावाची, ठरते ना मायनर, म्हणजे उदास भावाची. डिस्टॉर्शन वाढवल्यावर गांधारासह वाजवलेली कॉर्ड बरेचदा गढूळ होते, म्हणून वादक तो स्वर गाळतात. याचा परिणाम असा की गाण्याचा भाव ठरवण्याची जबाबदारी गायकाच्या चालीवर आणि बेसवर येऊन पडते. चाल दुबळी असेल, तर गिटारने उभी केलेली भिंत प्रत्येक गाण्यात सारखीच दिसू लागते. त्यासाठी दोन चाचण्या कराव्यात. दुसऱ्या दिवशी गाणे न लावता त्याची चाल गुणगुणून पाहावी, मग मुख्य रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, तोंडाने वाजवून पाहावा. दोन्ही आठवत नसतील तर तक्रार रास्त आहे. रिफ आठवतो पण चाल आठवत नाही, असे निम्म्याहून अधिक गाण्यांबाबत झाले, तर तेच वाक्य अभिप्रायात लिहावे. ‘एकसारखी’ या शब्दापेक्षा ते कितीतरी अधिक सांगून जाते. गाण्यांची गती आणि बांधणीही तपासावी. शांत अंतरा, मग कडाडणारा मुखडा, मग गिटारचा सोलो, म्हणजे तिला एकटीला पुढे आणणारा तुकडा, हा साचा सलग पाच गाण्यांत आला तर पाचव्या वेळी त्यातला धक्का संपलेला असतो.

शब्द न कळण्याचे कारण बहुधा उच्चारात नसून मिश्रणात, म्हणजे गायकाचा आवाज आणि वाद्ये यांच्या पातळ्या जुळवण्यात असते. व्यंजने स्पष्ट करणारा ध्वनिपट्टा आणि खरखरीत गिटारचा झणझणीत भाग एकाच जागेसाठी झगडतात. त्यात आपला कान हिंदी-मराठी चित्रपटगीतांवर पोसलेला. तेथे गायकाचा आवाज वाद्यांच्या पुष्कळ पुढे ठेवलेला असतो. रॉक बँड मात्र आवाजाला वाद्यांच्या रांगेतच उभा करतो. तेव्हा गीत समोर ठेवून एकदा ऐकावे. तरीही शब्द सापडत नसतील तर दोष नोंदवावा, आणि सापडले तर आपली सवय आड येत होती हे मान्य करावे.

‘हे खरे रॉक नाही’ या वाक्यावर फार वेळ घालवू नये. ड्रम माणसाने वाजवले आहेत की यंत्रावर रचले आहेत, सोलोला जागा दिली आहे की दृश्याच्या सोयीसाठी तो कापला आहे, इतके पाहिले तरी या वाक्यातला कामाचा भाग हाती लागतो.

उरला चित्रपटाशी असलेला संबंध. येथे गायकाची निवड हा कळीचा मुद्दा असतो, विशेषतः कथेतले पात्रच गायक असेल तेव्हा. २००८ च्या ‘रॉक ऑन!!’मध्ये शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतावर फरहान अख्तर यांनी पडद्यावरील आपल्या पात्रासाठी स्वतः गायले; २०११ च्या ‘रॉकस्टार’मध्ये ए. आर. रहमान यांनी नायकाची बहुतेक गाणी मोहित चौहान यांच्या आवाजात बांधली. पहिल्या पद्धतीत आवाजाचा कच्चेपणा पात्राचा भाग होतो, दुसरीत कसलेल्या पार्श्वगायकाकडून पात्राची घालमेल व्यक्त होण्याची अपेक्षा असते. एकाच फूटपट्टीने दोन्ही मोजल्यास एकावर अन्याय ठरलेला आहे. पहिल्या प्रकाराबद्दल ‘आवाज अप्रशिक्षित आहे’ एवढेच लिहिणे हा अर्धवट अभिप्राय होय. तो अप्रशिक्षितपणा गाण्याला खरेपणा देतो की केवळ सूर घालवतो, हे पुढे लिहिले पाहिजे.

चित्रपट पाहण्यापूर्वी अल्बम ऐकण्याची संधी मिळाली तर तेव्हाच एक टिपण करून ठेवावे आणि पाहिल्यानंतर दुसरे. दोन टिपणांत जो फरक पडेल तो प्रसंगाचा, छायाचित्रणाचा आणि अभिनयाचा वाटा समजावा. ज्यांनी चित्रपट आधीच पाहिला आहे, त्यांनी तसे प्रारंभीच नमूद करावे, म्हणजे वाचणारा त्या हिशेबाने मत घेईल.

प्रत्यक्ष लिहिताना पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी सांगून टाकाव्यात: अल्बम कशावर ऐकला, किती वेळा ऐकला आणि एरवी आपण कोणते संगीत ऐकतो. जड गिटारची सवय नसलेल्या श्रोत्याचे मत कमी मोलाचे नसते, उलट त्याच्यासारख्या दुसऱ्या श्रोत्याला तेच उपयोगी पडते. फक्त ते कोठून आले हे माहीत असावे लागते. प्रत्येक गाण्याला दोन ओळी वाटत बसू नये. ज्या दोन-तीन गाण्यांवर अल्बम उभा आहे किंवा कोसळला आहे, त्यांच्याविषयी विस्ताराने लिहावे आणि मिनिट-सेकंदासह जागा दाखवावी, कारण ‘दुसऱ्या मुखड्यानंतर बेस एकटा उरतो ती जागा’ असे म्हटले की वाचणारा ती जागा लावून तुमच्याशी सहमत होऊ शकतो किंवा भांडू शकतो. तारे किंवा गुण द्यायचेच असतील तर मजकूर पूर्ण झाल्यावर द्यावेत. आधी आकडा ठरवला की पुढची वाक्ये त्याची वकिली करू लागतात.

शेवटी मजकुरातील ‘जबरदस्त’, ‘दमदार’, ‘भन्नाट’ आणि ‘टुकार’ ही विशेषणे खोडून मजकूर पुन्हा वाचावा. जे वाक्य त्यांच्याविना उभे राहत नाही, त्या वाक्याच्या गाण्याकडे हेडफोन लावून परत जावे.