स्टीलच्या बहुमजली इमारतींत नवीन येताय? आधी जोड शिका

सिव्हिल करून आलेल्या मुलांचा हात आरसीसीवर बऱ्यापैकी बसलेला असतो. साहजिक आहे, आपल्याकडे राहत्या इमारती काँक्रीटच्याच. स्टील म्हटलं की कारखान्याची शेड आठवते आणि परीक्षेपुरतं वाचलेलं आयएस ८००, म्हणजे स्टील डिझाइनचं भारतीय मानक. मग सात-आठ मजली स्टील फ्रेमचं काम हातात येतं. आठवडाभरात ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभं राहतं, सगळे मेंबर (खांब-तुळया) पास होतात आणि "सर, डिझाइन झालं" असं सांगून पोरगं मोकळं होतं. माझ्या मते निम्मं कामसुद्धा झालेलं नसतं, कारण एकही जोड अजून ठरलेला नसतो.

काँक्रीटमध्ये खांब आणि तुळई जागेवरच ओतली जातात, सळ्या एकमेकींत गुंततात. स्टीलची प्रत्येक तुळई मात्र ट्रकमधून सुटी येते. तिचं टोक खांबाला कशाने धरायचं हे कुणीतरी आधी कागदावर ठरवावं लागतं. तुम्ही मॉडेलमध्ये टोक 'पिन' (थोडं फिरू शकणारं) केलंत तर वेबला, म्हणजे तुळईच्या मधल्या उभ्या पत्र्याला, फिन प्लेट (खांबाला वेल्ड केलेली पट्टी) किंवा दोन क्लीट अँगल (एल आकाराचे तुकडे) आणि तीन-चार बोल्ट, एवढ्यावर भागतं. 'फिक्स्ड' (न फिरणारं) ठेवलंत तर टोकाला जाड एंड प्लेट किंवा फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना) पूर्ण वेल्ड, खांबात स्टिफनर (आधाराच्या पट्ट्या), कधी खांबाच्या वेबला डबलर प्लेटही (वर चढवलेली जादा प्लेट) लागते. नवीन इंजिनिअर सगळीच टोकं फिक्स्ड ठेवतो, कारण तुळईच्या मधला मोमेंट (वाकवणारा जोर) उतरतो आणि सेक्शन हलकं निघतं. दर मीटरमागे वाचवलेले चार किलो मग वेल्डिंगच्या मजुरीत दामदुपटीने जातात. वारा आणि भूकंप घ्यायला लिफ्ट-जिन्याभोवती ब्रेसिंग (तिरके आधार) द्या किंवा ठरावीक ओळींतच मोमेंट फ्रेम (फिक्स्ड जोडांची चौकट) ठेवा. बाकीच्या तुळया साध्या जोडाने टेकू देत.

जोड बदलला की काय होतं, याचं एक उदाहरण प्रत्येकाने ड्रॉइंग काढून समजून घ्यावं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत एकाखाली एक असे दोन पादचारी पूल छताला टांगले होते. मूळ कल्पनेत एकच लांब रॉड दोन्ही पुलांमधून खालपर्यंत जाणार होता. त्यावर वरच्या पुलासाठी मधेच नट बसवायचा तर रॉडला लांबवर आटे पाडावे लागले असते. म्हणून रॉड दोन केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बदल अगदी किरकोळ दिसतो. पण आधी वरच्या तुळईखालचा नट फक्त वरचा पूल पेलणार होता, आता त्याच जागी खालच्या पुलाचंही ओझं आलं, म्हणजे भार दुप्पट. मूळचा जोडही तिथल्या नियमांपेक्षा कमजोरच होता. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. बदल केलेलं शॉप ड्रॉइंग, म्हणजे कारखान्यात भाग बनवण्यासाठीचं तपशीलवार चित्र, मंजूर होऊन आलेलं होतं. शॉप ड्रॉइंग तपासणं हे ज्युनिअरच्या गळ्यात मारायचं कंटाळवाणं काम आहे, असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

शॉप ड्रॉइंगवर मी आधी काय बघतो? एम२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टला २२ मिमीचं भोक दिलंय ना, कडेपासून अंतर पुरेसं आहे ना, हे तर आलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोल्ट आत जाईल का आणि स्पॅनर फिरेल का. खांबाच्या वेबला तुळई लागते तिथे दोन फ्लँजच्या बेचक्यात हात घालायची मारामार असते. आयएसएमबी या नेहमीच्या भारतीय आय आकाराच्या तुळईच्या फ्लँजला आतून उतार असतो, तिथे टेपर (उतरता) वॉशर हवा. समांतर फ्लँजच्या सेक्शनला ही कटकट नाही. आणि तक्त्यात सेक्शन आहे म्हणजे बाजारात आहे असं समजू नका. डिझाइन पक्कं करण्याआधी नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात फोन लावा.

साइटवर पहिली ठिणगी पडते ती फाउंडेशन बोल्टवर, म्हणजे खांब पायाला धरणाऱ्या बोल्टवर. पाया सिव्हिलवाल्याचा, खांब फॅब्रिकेटरचा (स्टीलचे भाग बनवणाऱ्याचा), आणि मधले बोल्ट कुणाचेच नाहीत. पुण्याजवळच्या एका कामावर टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) न लावता पेडेस्टल (खांबाखालचा काँक्रीटचा चौथरा) ओतलं गेलं आणि व्हायब्रेटरच्या धक्क्याने बोल्ट पंधरा-वीस मिमी सरकले. खांब क्रेनला लटकलेला, बेस प्लेट बसेना, तेव्हा फिटरने गॅस कटर पेटवला. आम्ही खांब खाली उतरवायला लावला, सगळ्या बोल्टची मापं घेतली, भोकं हिशेबाने मोठी केली आणि वर नेमक्या भोकाच्या जाड प्लेट वॉशर ठेवून वेल्ड केल्या. एका खांबाची बेस प्लेट नवीनच करावी लागली. क्रेनचं भाडं चालूच होतं, ते कुणी द्यायचं यावर महिनाभर पत्रव्यवहार चालला.

उभारणीत खलाशांच्या (स्टील उचलून चढवणाऱ्या कामगारांच्या) टोळीकडून जेवढं शिकाल तेवढं कुठल्याच वर्गात मिळणार नाही. खांबाचा ओळंबा ते सकाळी लवकर बघतात, कारण ऊन चढलं की एक बाजू तापून लांबते आणि खांब किंचित वाकतो. ३० मीटर स्टील २० अंशांनी तापलं तर सुमारे ७ मिमी लांबतं, त्यामुळे दुपारच्या रीडिंगवर विसंबू नका. ओळंबा मिळाला की मगच बोल्ट पक्के करायचे. फ्रिक्शन जोडाच्या (घट्ट आवळलेल्या प्लेटांच्या घर्षणावर भार पेलणाऱ्या जोडाच्या) पृष्ठभागावर रंग नको असं ड्रॉइंगवर ठळक लिहा आणि तरी यार्डात जाऊन बघा, पेंटरने हमखास मारलेला असतो.

आणखी एक. डेक शीटवर (स्लॅबखालच्या पन्हाळी पत्र्यावर) काँक्रीट पडून ते कडक होईपर्यंत उभी असलेली इमारत तुमच्या मॉडेलमधली नसते. मॉडेलमध्ये स्लॅब सगळ्या खांबांना एकत्र धरून ठेवतो. साइटवर अजून स्लॅबच नाही. तोवर तात्पुरतं ब्रेसिंग आणि गाय रोप (ताणून धरणाऱ्या तारा) लागतात, आणि ते कुठे, किती, हेही कुणीतरी डिझाइन करायचं असतं.

आगीचा विषय आर्किटेक्टबरोबर पहिल्याच मीटिंगला काढा. आयएस ८०० च्या सूत्राने ५५० अंश सेल्सिअसला स्टीलची यील्ड ताकद जवळपास निम्मी राहते. उघडं स्टील छान दिसतं हे खरं, पण त्यावर फुगणारा रंग, फवारा किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी येणार आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात हवा.

अभ्यासाला खर्च फारसा नाही. भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'ऑसडॅग' हे मुक्त सॉफ्टवेअर आयएस ८०० प्रमाणे जोडांचं डिझाइन करून चित्र दाखवतं. एक फिन प्लेट हाताने सोडवा आणि मग त्याच्याशी ताडून बघा. मुंबईत असाल तर काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, बघून या. १८६० च्या दशकात त्याच्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे भाग इंग्लंडात तयार होऊन आले आणि इथे जोडले गेले.

नोकरीचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत परदेशी इमारतींचं टेक्ला या सॉफ्टवेअरवर डिटेलिंग (शॉप ड्रॉइंग काढणं) करणारी ऑफिसं आहेत. काही जण त्याला ड्राफ्ट्समनचं काम म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. वर्ष-दोन वर्षं तिथे काढलेला माणूस डिझाइनमध्ये आला की त्याचे जोड बनवता येण्यासारखे असतात. मात्र डिझाइनच करायचं असेल तर तिथे मुक्काम लांबवू नका. आणि मुलाखतीत एवढं जरूर विचारा: तुमच्याकडे कनेक्शन डिझाइन कोण करतं, आणि ज्युनिअरला फॅब्रिकेशन यार्डात पाठवता का? "ते फॅब्रिकेटर बघतो" असं उत्तर आलं तर दुसरी ऑफर हातची सोडू नका.