नवा बेस घेण्याआधी पट्टा बघा : हौशी बेसवादकांनो, या चुका टाळा

दोन हौशी बेसवादक, म्हणजे बेस गिटार वाजवणारे, भेटले की गप्पा लगेच सामानावर येतात. कोणता पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) टाकला, कोणत्या तारा चढवल्या, अ‍ॅम्प बदलायचा का. पट्ट्याचा विषय निघतो तो कुणाचा तरी खांदा धरला की मगच. मला वाटतं हा क्रम उलटा हवा. हात दुखतोय, आवाज पोचट येतोय, तार झणझणतेय अशा तक्रारी घेऊन लोक नवा बेस शोधायला लागतात, आणि दोष निघतो पट्ट्यात, बॅटरीत, केबलमध्ये नाहीतर एखाद्या स्क्रूच्या पाव फेऱ्यात. म्हणून खिशात हात घालण्याआधी एवढं तपासून घ्या.

अरुंद पट्टा, लांब पट्टा

बेसचं वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं आणि ते सगळं एका खांद्यावर येतं. साध्या गिटारसाठी बनवलेला दोन इंची नायलॉनचा पट्टा इथे पुरत नाही. त्याच्या कडा मानेजवळ रुततात आणि तासाभराने बोटांना मुंग्या येतात. मला त्या डाव्या करंगळीत यायच्या. सहा महिने मी धरून चाललो होतो की करंगळी कच्ची आहे, म्हणून सराव वाढवत गेलो आणि त्रासही वाढत गेला. शेवटी साडेतीन इंची, आतून खरखरीत चामडं असलेला पट्टा लावला. पंधरा दिवसांत करंगळी ताळ्यावर आली. पट्टा बदलूनही मुंग्या राहत असतील तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

रबरासारखे ताणले जाणारे मऊ पट्टेही मिळतात. त्यात वजन हलकं वाटतं हे खरं, पण बेस सतत खाली-वर उसळतो आणि डाव्या हाताला दर वेळी फ्रेट (नेक म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) नव्याने शोधावा लागतो. मी ते वापरून सोडून दिले.

लांबीची चूक त्याहून जास्त जण करतात. आपण घरी सराव करतो बसून आणि चार जणांत वाजवतो उभ्याने. उभं राहिल्यावर बेस वीतभर खाली गेला की बसून पक्की केलेली बोटं चुकायला लागतात. उपाय सोपा आहे. खुर्चीत बसा, बेस मांडीवर नेहमीसारखा घ्या, पट्टा अडकवा आणि तो किंचित ताणला जाईल इतका आवळा. आता उभे राहा. बेस आहे तिथेच राहिला पाहिजे. बकल जिथे आलं तिथे पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेनाने खूण करून ठेवा. बेस गुडघ्याशी लोंबताना रुबाबदार दिसतो, पण डावं मनगट जवळजवळ काटकोनात मुडपतं. तसं वर्षभर वाजवलं की ते कधी ना कधी दुखणारच.

मनगटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बहुतेक बेसचं स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, ३४ इंची असतं. त्यावर पहिल्या चार फ्रेटना चार बोटं ताणून बसवायचा हट्ट धरू नका. उभा डबल बेस वाजवणारे खालच्या स्वरांत तीनच फ्रेटइतकं अंतर धरतात : पहिलं बोट, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी जोडीने. पाचव्या फ्रेटच्या पुढे मग एका फ्रेटला एक बोट खुशाल लावा. हात लहान असेल तर ३० इंची स्केलचा बेस घ्यायलाही संकोच नको. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर त्याच मापाचा आहे.

नेक खाली झुकतो

उभे राहून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक (तारा पिळायच्या किल्ल्या असलेलं नेकचं टोक) जमिनीकडे जायला लागला तर तुमचा डावा हात आजवर सूर धरायच्या जोडीला नेकही तोलून धरत होता. याचं कारण बेसच्या बॉडीच्या घडणीत असतं. वरच्या शिंगावरचं (बॉडीच्या पुढे आलेल्या टोकावरचं) पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचत असेल तर तोल साधतो. शिंग आखूड असलं, किंवा बटण मागे नेकच्या सांध्यावर असलं, की हेडस्टॉकवरच्या चार जड किल्ल्या जिंकतात. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसचं वरचं शिंग इतकं लांब का, ते हा तोल बघितला की कळतं.

काही जण मागच्या टोकाला वजन बांधतात. तोल येतो, पण खांद्यावरचा भार आणखी वाढतो. आधी खरखरीत चामड्याचा पट्टा लावून बघा, तो कपड्यावरून घसरत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर हलक्या किल्ल्या बसवा. जिथून वजन खाली ओढतं तिथलंच कमी केल्यामुळे थोड्या ग्रॅमनेही फरक जाणवतो.

सैल भोक आणि फरशीवरचा हेडस्टॉक

चामड्याचा पट्टा जसा मऊ होत जातो तशी त्याची भोकंही सैल होतात. एका तालमीत मी पेडल दाबायला वाकलो आणि शिंगाकडचं टोक बटणावरून निसटलं. हेडस्टॉक फरशीवर आदळला, चारही मोकळ्या तारा एकदम घुमल्या आणि तो आवाज अ‍ॅम्पमधून खोलीभर गेला. 'जी' (G) तारेची किल्ली वाकली. नेक वाचला हे नशीब. त्या दिवसापासून लॉक नसलेला पट्टा मी वापरत नाही.

स्ट्रॅप-लॉक, म्हणजे पट्टा बटणाला पक्का अडकवणारी जोडणी, बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. ते हाताशी नसतील तर बटणावर पट्ट्याच्या बाहेरून जाड रबरी वॉशर चढवा, तेही चांगलं धरून ठेवतं. पण लॉक लावला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचं पट्ट्याकडचं नट हळूहळू ढिलं होतं, महिन्यातून एकदा बोटाने चाचपून बघा. बटणाचा स्क्रू लाकडात नुसता फिरत असेल तर त्याहून जाड स्क्रू ठोकायची घाई करू नका. लाकडी टूथपिकला सुताराचा गोंद लावून भोकात घट्ट बसतील तितक्या काड्या घाला, वरच्या कडा कापा, एक दिवस सुकू द्या आणि तोच स्क्रू परत पिळा. पक्का बसतो.

हात लागलाच आहे तर केबलही पट्ट्यातून वळसा घालून मग जॅकमध्ये लावायची सवय करा. कुणाचा पाय पडला तरी ओढ पट्ट्याला बसते, जॅकला नाही.

आवाज फाटतोय, म्हणजे स्पीकर गेला?

बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर आधी नऊ व्होल्टची बॅटरी बदला. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये सर्किटचं बटण बहुधा जॅकमध्येच असतं. केबल आत गेली की बॅटरी खर्ची पडायला लागते, मग आवाजाची खुंटी शून्यावर असली तरी. रात्रभर केबल लावून ठेवलेला बेस दुसऱ्या दिवशी जोरात वाजवलेल्या स्वरावर फाटतो, नंतर आवाज क्षीण होतो आणि बिचारा अ‍ॅम्प दुरुस्तीला जातो. वाजवून झालं की केबल काढा आणि केसमध्ये एक नवी बॅटरी टाकून ठेवा.

गुणगुण येत असेल तर ती कधी वाढते, कधी कमी होते ते ऐका. तारांना हात लावल्यावर कमी झाली तर वायरिंग बहुधा ठीक आहे. उलट हात लावल्यावर वाढत असेल तर अर्थचा जोड तपासा. आणि तारांना हात लावताना झिणझिण झटका जाणवला तर वाजवणं त्याच क्षणी थांबवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा हात लावू नका. जॅझ बेससारख्या दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या बेसवर आवाजाच्या दोन्ही खुंट्या सारख्या ठेवल्या की दोन्ही पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. एक खुंटी कमी केली की ती परत ऐकू येते, तो बिघाड नव्हे. जॅकचं बाहेरचं नट ढिलं असेल तर नुसतं पान्याने आवळू नका. आतला जॅकही सोबत फिरतो आणि वायर तुटते. आतून जॅक धरा, मग आवळा.

तारा चढवताना

जाड तार मोजून आधी कापली आणि मग वाकवली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि नवी कोरी तार मुकी वाजते. बेसच्या किल्लीच्या खुंटीला मधोमध भोक असतं. तार पुढच्या खुंटीपर्यंत नेऊन तिच्यापलीकडे दहा-बारा सेंटीमीटर राहू द्या, कापायच्या जागेच्या अलीकडे तिला काटकोनात वाकवा आणि त्या वाकाच्या पुढे कापा. टोक भोकात घालून दोन-तीन वेढे खालच्या दिशेने घ्या, म्हणजे तार नटवर (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीवर) दाबून बसते.

तारा किती दिवसांनी बदलाव्यात यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारांवरच वाजवत राहिले आणि मोटाउनचे कितीतरी खर्ज त्यातूनच आले. चकचकीत आवाज हवा असेल तर बदला, गोल आवाज हवा असेल तर राहू द्या. मात्र बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) जुळेनासे झाले, आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) हलवूनही जुळत नाहीत, की तार संपली. सॅडलची दिशा अशी : दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. आणि सुरात लावताना नेहमी खालून वर या. वर गेलात तर पुरतं खाली उतरून पुन्हा चढवा, नाहीतर किल्लीतली ढिलाई दोन गाण्यांत सूर उतरवते.

झणझण कुठे येते ते आधी बघा

पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण असेल तर नेक जास्त सरळ झालेला असतो, ट्रस रॉड (नेकच्या आतली त्याचा बाक ठरवणारी सळई) थोडा सैल करायचा. बाराव्याच्या पुढे असेल तर तारा खाली आहेत, सॅडल उचलायचं. हे न बघता लोक सगळ्याच तारा उंच करतात आणि मग बोटं दुखतात म्हणून पातळ तारा आणतात.

नेकचा बाक मोजायचा असा : जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट हवी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ थांबा, परत मोजा. पाना बरोबर मापाचा हवा. रॉड अडला तर तिथेच हात आवरा आणि जाणत्या कारागिराकडे न्या. हवेतला दमटपणा बदलला की नेकचा बाकही बदलतो, त्यामुळे हे काम वर्षातून दोनदा तरी करावं लागतं.

घरात दणदणीत, बँडमध्ये गायब

एकट्याने वाजवताना आपण खर्ज चढवतो, वरचा चढवतो आणि मधला पाडतो. खोलीत फार सुंदर वाटतं. ड्रम आणि गिटार आले की बेस ऐकूच येत नाही, कारण बेसची ओळख पटते ती २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि तोच आपण पुसून टाकलेला असतो. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे, त्याची लाट आठ मीटरहून लांब. कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प ती फुगवतो, म्हणून आधी अ‍ॅम्प कोपऱ्यातून ओढून बाहेर घ्या, कानाच्या दिशेने वर तिरपा करा, आणि मगच खुंट्यांना हात लावा. रात्री हेडफोन बरा. खर्ज फरशीतून आणि भिंतीतून शेजारी पोचतो, कितीही हळू वाजवलं तरी.

एक दोष मात्र काही केल्या जात नाही. 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर वाजल्यावाजल्या विरतो. तारा बदला, पिकअप बदला, तो तिथेच असतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून बघा. तो मेलेला स्वर एखादा फ्रेट सरकला तर कारण नेकच्या कंपनात आहे, बिघाड काही नाही. तो स्वर लांबवायचा असेल तेव्हा डी तारेवर जा : 'जी'च्या पाचव्या फ्रेटचा स्वर डीच्या दहाव्यावर मिळतो, सातव्याचा बाराव्यावर.