वाड्याच्या खांबाला नवा पाय कसा जोडावा

सागवानी खांब वरून शंभर वर्षं ठणठणीत राहतो, कुजतो तो खालचा वीतभर. बरेचदा कारण आपणच असतो. मातीची जमीन काढून फरशी घातली, तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड सिमेंटात गाडला, की जमिनीतली ओल खांबातूनच वर चढते. म्हणून आधी खांबाभोवतीची फरशी फोडा. ते टाळलंत तर जोडलेला पायही कुजेल.

मग टोच्या घेऊन खालून वर टोचत जा. टोक सहज रुतणं थांबलं की तिथून दोन बोटं वर खूण करा. कापायचं ते तेवढंच. अख्खा खांब बदलू म्हणणाऱ्या सुताराला चहा पाजून वाटेला लावावं.

तुळईखाली खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू आणि जॅक लावा. वर माडी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. खांबाचा माथा आणि तुळई यांच्यात पोस्टकार्ड सरकलं की पुरे. जास्त उचललंत तर भिंतीला तडे जातात. खांब टेकूंना घट्ट बांधा आणि मगच करवत धरा.

नवशिक्यासाठी अर्धा-अर्धा सांधा बरा, म्हणजे दोन्ही तुकड्यांची अर्धी-अर्धी जाडी कापून ते एकमेकांवर बसवायचे. खांब सहा इंची असेल तर सांध्याची लांबी दीड फूट ठेवा. नव्या पायासाठी तुकडा जुन्या सागाचा, एखाद्या पाडलेल्या घरातला घ्या. ओलं लाकूड आकसतं आणि सांधा उघडतो. आखणी पेन्सिलीने नको, सुरीने करा. करवत रेघेच्या बाहेरून चालवा, उरलेलं केसभर पटाशीने काढा. मग एका तोंडाला नीळ लावून दोन्ही भाग दाबून पाहा. जिथे निळं उमटेल तेवढंच तासा, पुन्हा दाबा. पाच-सहा वेळा हे होणारच. माझ्या पहिल्या सांध्यात रुपयाचं नाणं आरपार जायचं, म्हणून आधी टाकाऊ वाशावर हात बसवा.

खुंट्या सुक्या बाभळीच्या, टोकाला निमुळत्या करा. जुन्या खांबात गिरमिटाने भोक पाडा, त्यातून नव्या तुकड्यावर खूण करा आणि तिथलं भोक खुणेच्या दोन मिलिमीटर खाली पाडा. खुंटी ठोकताच ती नव्या पायाला वर ओढून घेते. खिळा लागत नाही, डिंकही नाही.

जॅक उतरवताना घाई नको, रोज थोडा. फरशी पुन्हा बसवाल तेव्हा तळखड्याभोवती चार बोटं जागा सोडा आणि तिथे चुना-वाळूच भरा.